तीनशे फुटांखालची शाळा



वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेश होय. त्याच्या दक्षिण भागात, कार्डिफ शहराच्या उत्तरेस, ब्लेनॅव्हन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, उघड्या माळावर, एक पोलादी मनोरा दुरूनच नजरेस पडतो. मनोऱ्याच्या माथ्यावर दोन मोठी चाके आहेत. त्या चाकांवरून जाणाऱ्या तारेच्या दोराला एक पिंजरा टांगलेला असतो. एके काळी याच पिंजऱ्यातून पाळीपाळीने कामगार भूगर्भात उतरत आणि कोळशाने भरलेल्या गाड्या वर येत. २ फेब्रुवारी १९८० रोजी ही खाण बंद झाली. कोळसा वर येणे थांबले. पिंजरा मात्र थांबला नाही. १९८३ पासून त्यातून पर्यटक खाली उतरू लागले. ज्यांनी येथे कोळसा खणला, त्यांच्यापैकीच काही जण त्यांना वाट दाखवू लागले.

या खाणीचे नाव ‘बिग पिट’, म्हणजे ‘मोठी खाण’. आज ती वेल्सचे राष्ट्रीय कोळसा संग्रहालय म्हणून ओळखली जाते. जगात संग्रहालये पुष्कळ आहेत आणि जुनी यंत्रेही पुष्कळ ठिकाणी मांडून ठेवलेली आहेत. परंतु बिग पिटमधील सुमारे पाऊण तासाची भूमिगत फेरी वेगळी आहे. तेथे यंत्रांपेक्षा नियम पाहावयास मिळतात, आणि प्रत्येक नियमामागे उभी असलेली माणसे पाहावयास मिळतात. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

लोखंडाच्या गावातील कोळसा

ब्लेनॅव्हन हे मुळात लोखंडाचे गाव. १७८९ च्या सुमारास येथे झोतभट्ट्या पेटल्या. लोहखनिज, चुनखडी आणि कोळसा ही तिन्ही द्रव्ये याच डोंगरात जवळजवळ सापडत असल्याने ओसाड माळरानावर वस्ती उभी राहिली. याच गावी सिडनी गिलख्रिस्ट टॉमस व त्याचा चुलत भाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी १८७० नंतरच्या दशकात फॉस्फरसयुक्त लोखंडापासून उत्तम पोलाद करण्याची रीत शोधून काढली. तिच्यामुळे युरोप-अमेरिकेतील पोलादधंद्याचे रूपच पालटले.

या भट्ट्यांना लागणाऱ्या कोळशासाठी डोंगराच्या पोटात आडव्या वाटा खोदल्या जात होत्याच. १८६० मध्ये मोठी उभी विहीर खोदण्यात आली. तिचा आकार लंबगोल होता आणि रुंदी १८ फूट होती. दोन रूळमार्ग शेजारी-शेजारी मावतील एवढी ही वेल्समधील पहिली विहीर होय, आणि ‘मोठी खाण’ हे नाव तिला त्यावरूनच मिळाले. १९०८ मध्ये येथे १,१२२ माणसे कामाला होती. १९२३ मध्ये ही संख्या १,३९९ वर पोहोचली. पुढे एकेक थर संपत गेला. १९७० साली येथे ४९४ कामगार उरले होते आणि केवळ एकाच थरावर काम चालू होते. त्या थराची जाडी फार तर ३० इंच, म्हणजे अडीच फूट होती. ज्या थरात माणसाला नीट बसताही येत नाही, तो थर खणून संपला तेव्हा खाणीचे दार मिटण्याची वेळ आली.

दक्षिण वेल्समधील कितीतरी खाणींच्या विहिरी बंद झाल्यावर बुजविण्यात आल्या आणि त्यांचे मनोरे पाडून भंगारात काढण्यात आले. बिग पिटच्या नशिबी तसे आले नाही. खाण उघडी ठेवण्याचा निर्णय झाला. २००० साली युनेस्कोने ब्लेनॅव्हनचा सारा औद्योगिक परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला आणि २००५ साली बिग पिटला संग्रहालयांसाठी असलेला ब्रिटनमधील मानाचा गुलबेंकियन पुरस्कार मिळाला.

दिवाखोलीपासून सुरुवात

फेरीची सुरुवात दिवाखोलीत होते. प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर हेल्मेट चढविले जाते, हेल्मेटवर दिवा बसविला जातो आणि कमरेला जाड पट्टा बांधला जातो. पट्ट्याच्या एका बाजूस दिव्याची बॅटरी आणि दुसऱ्या बाजूस धातूची एक डबी असते. हे सगळे ओझे सुमारे ५ किलोग्रॅमचे होते. डबी कशासाठी, हे मार्गदर्शक प्रथमच सांगतो. खाणीत आग लागली किंवा स्फोट झाला, तर कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू पसरतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. ही डबी तोंडाशी धरून श्वास घेतल्यास तो वायू काही काळ निर्धोक होतो आणि माणसाला बाहेर पडण्यास अवधी मिळतो. आगीने वा स्फोटाने जितके कामगार थेट मरत, त्यापेक्षा कितीतरी अधिक कामगार नंतरच्या विषारी हवेने मरत, या अनुभवातून ही डबी कमरेला आली आहे.

त्यानंतर झडती होते. आगपेटी, सिगारेट, लायटर यांबरोबरच मोबाईल, कॅमेरा आणि बॅटरीवर चालणारे मनगटी घड्याळही वरच ठेवावे लागते. पुष्कळ पाहुण्यांना याचे नवल वाटते. खाण बंद होऊन दशके लोटली; मग आता ही कडक शिस्त कशाला? याचे उत्तर असे की कोळसा काढणे थांबले म्हणून भूगर्भातील वायू थांबत नाही. जेथे माणसे खाली उतरतात ती जागा कायद्याच्या दृष्टीने आजही खाणच आहे, आणि खाणीचे नियम पाहुण्यांनाही तितकेच लागू आहेत. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या बालकास खाली नेत नाहीत, तेही यामुळेच.

कोळशाच्या थरात मिथेन वायू कोंडलेला असतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत अशा स्फोटाने ९२ पुरुष व मुले मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेने हादरलेल्या लोकांच्या विनंतीवरून सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये जाळीचा सुरक्षा-दिवा तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असल्याने ज्योतीची उष्णता बाहेरील वायूपर्यंत पोहोचत नसे. वायू असेल तर ज्योतीवर निळसर टोपी दिसे. अशा रीतीने दिवा हाच पहारेकरी झाला.

तरीही वायूने बळी घेणे सोडले नाही. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी दक्षिण वेल्समधील सेंगहेनिड येथे झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार आणि सुटकेसाठी गेलेला एक जण असे ४४० लोक मरण पावले. ब्रिटनच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी खाण-दुर्घटना होय. स्फोट कशाने झाला हे निर्विवाद ठरले नाही. परंतु विजेच्या घंटेच्या तारांतून उडालेली ठिणगी हे एक संभाव्य कारण मानले गेले. पाहुण्याच्या मनगटावरील घड्याळ वर का ठेवावयाचे, याचे उत्तर या इतिहासात आहे. या दुर्घटनेनंतर व्यवस्थापकास एकूण २४ पौंड दंड झाला. खाणीतील हवेचा प्रवाह गरजेच्या वेळी उलटा फिरविण्याची कायद्याने सांगितलेली सोय केली नाही, म्हणून कंपनीला पुढे १० पौंड दंड झाला. हे आकडे ऐकले की त्या काळी एका जिवाची किंमत किती लेखली जात होती, ते निराळे सांगावे लागत नाही.

पिंजऱ्यातून खाली

पिंजऱ्याचे दार लागते, घंटेचा संकेत होतो आणि पिंजरा खाली सुटतो. विहिरीच्या ओल्या भिंती वर सरकू लागतात. पाहुण्यांचे बोलणे हळूहळू थांबते. ९० मीटर, म्हणजे सुमारे ३०० फूट उतरण्यास फार वेळ लागत नाही. दार उघडते तेव्हा थंड हवेचा झोत अंगावर येतो. कोठून तरी पाणी ठिबकत असते. छत लाकडी व पोलादी टेकूंवर तोललेले असते. काही ठिकाणी ते इतके खाली येते की उंच माणसाला कमरेत वाकून चालावे लागते आणि डोक्यावरील हेल्मेट छताला ‘टक्’ करून आपटले की हेल्मेटचे महत्त्व आपोआप पटते.

येथे मार्गदर्शक पहिली गोष्ट सांगतो ती बाहेर पडण्याच्या दुसऱ्या वाटेची. खाणीला किमान दोन वाटा असल्याच पाहिजेत, हा नियम आज साधा वाटतो. तो १८६२ मध्ये झाला. त्या वर्षीच्या जानेवारीत इंग्लंडमधील न्यू हार्टली येथील खाणीत पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्राची प्रचंड तुळई मोडून एकुलत्या एका विहिरीत कोसळली. खाली अडकलेल्यांना वर येण्यास दुसरा मार्गच नव्हता. त्या दुर्घटनेत २०४ पुरुष व मुले गेली. त्याच वर्षी दुसऱ्या वाटेचा कायदा करण्यात आला. नियम सांगण्यास एक वाक्य पुरते. तो लिहिण्यासाठी मात्र २०४ जीव खर्ची पडले.

दारावरची मुले

वाटेत लाकडी दारे लागतात. ही दारे नेहमी बंद ठेवावयाची असतात. खाणीत हवा एका बाजूने आत येते आणि साऱ्या वाटा फिरून दुसऱ्या बाजूने बाहेर जाते. दार उघडे राहिले, तर हवा जवळची वाट धरते आणि दूरच्या टोकाला वायू साचतो. म्हणून गाडी येईल तेव्हा दार उघडावयाचे आणि गेली की लावावयाचे. हे काम हलके असल्याने ते मुलांवर सोपविलेले असे. १८४२ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आलेल्या चौकशी अहवालात पाच-सहा वर्षांची मुलेही अशा दारांपाशी दिवसभर बसत असल्याचे आढळून आले. मेणबत्ती परवडत नसल्याने ती बहुधा अंधारातच बसून राहत.

या ठिकाणी मार्गदर्शक सर्वांना आपापले दिवे मालविण्यास सांगतो. एकेक दिवा मालवला जातो आणि शेवटचा दिवा गेल्यावर जो अंधार येतो, तो जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या ओळखीचा नसतो. अमावास्येच्या रात्रीही आकाशाचा काही उजेड असतो. येथे तोही नाही. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. थोडा वेळ गेला तरी डोळे सरावत नाहीत, कारण सरावण्यासाठी उजेडाचा कणसुद्धा तेथे नसतो. पाहुण्यांमध्ये शाळकरी मुले असली तर त्यांची कुजबुजही बंद पडते. या अंधारात, दाराची दोरी हातात धरून, त्यांच्याहून लहान मुले बारा-बारा तास बसत असत, एवढेच मार्गदर्शक सांगतो. अधिक काही सांगण्याची त्याला गरज भासत नाही.

१८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलगे आणि सर्व स्त्रिया व मुली यांना भूमिगत कामास बंदी झाली. तो अहवाल छापून झाला तेव्हा त्यातील चित्रांनी सुशिक्षित समाज हादरला, कारण त्याच्या घरात जळणारा कोळसा कोठून येतो हे त्याने त्यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते. न दिसणारे दुःख दिसू लागले म्हणजे कायदा हलतो, हा त्यातील बोध कोणत्याही काळी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

घोडे, पक्षी आणि माणसे

पुढे तबेले लागतात. तीनशे फूट खोल जमिनीत घोड्यांचे तबेले! कप्प्यांवर घोड्यांची नावे अद्याप वाचावयास मिळतात. गाड्या ओढण्यासाठी हे घोडे खालीच ठेवलेले असत. वर्षातून एकदा कामगारांच्या सुटीत त्यांना वर आणीत आणि हिरव्या कुरणात सोडीत. सुटी संपली की त्यांना पकडून पुन्हा खाली नेणे हे मोठे कठीण काम असे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनच्या खाणींत असे सुमारे सत्तर हजार घोडे होते. घोड्याला हाकणारा मुलगा आणि घोडा यांची जोडी वर्षानुवर्षांची असे, आणि छत करकरू लागले की पाऊल पुढे न टाकणाऱ्या घोड्यामुळे आपला जीव वाचला, अशा हकीकती कोळसा-प्रदेशात घरोघर सांगितल्या जात.

घोड्यांप्रमाणेच कॅनरी या पिवळ्या पक्ष्याचाही खाणीतील श्रमात वाटा आहे. शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाण-दुर्घटनांतील मृतांचा अभ्यास करून कार्बन मोनॉक्साईडचा धोका दाखवून दिला आणि तो ओळखण्यासाठी लहान पक्षी न्यावेत असे सुचविले. पक्ष्याचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होतो. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. त्यानंतर पक्ष्याची जागा विजेवरील उपकरणाने घेतली.

यानंतर कोळशाचा थर आणि तो खणण्याची साधने येतात. एका कुशीवर पडून, कुदळीने थराचा पाया पोखरण्याचे काम कसे चालत असे, ते मार्गदर्शक अंगानेच करून दाखवितो. त्याच्या हालचालीत अभिनय नसतो. कित्येक वर्षे केलेले काम शरीर विसरत नाही, इतकेच. पुढे यंत्रे आली आणि कष्ट कमी झाले. परंतु यंत्रांनी धूळ वाढविली. फुप्फुसांत साचणाऱ्या या धुळीने किती कामगार अकाली थकले, याचा शास्त्रशुद्ध शोध घेण्यासाठी १९४५ मध्ये कार्डिफजवळ खास संशोधन केंद्र सुरू करावे लागले. स्फोटाची बातमी वृत्तपत्रात येते. श्वास हळूहळू आखडत जाणाऱ्या माणसाची बातमी येत नाही. म्हणून या मृत्यूंची मोजदाद होण्यास फार काळ जावा लागला.

वर आल्यावर

पिंजरा वर येतो. ढगाळ दिवशीचा उजेडही त्या वेळी डोळ्यांना सोसत नाही. समोरच्या चढावर कामगारांसाठी बांधलेली स्नानगृहे आहेत. ती १९३९ मध्ये उघडली. त्यापूर्वी कामगार कोळशाने माखलेल्या अंगाने आणि ओल्या कपड्यांनी घरी जात. पाणी आणणे, ते तापविणे, चुलीपुढे पत्र्याचे टोपले मांडणे आणि पुन्हा कपडे धुणे ही कामे घरातील स्त्रियांना रोज करावी लागत. एका घरात बाप आणि मुलगे निरनिराळ्या पाळ्यांवर असले, तर चूल विझण्याची सोयच नसे. खाणीच्या इतिहासात या स्त्रियांची नावे हजेरीपटावर नाहीत. परंतु स्नानगृहाच्या इमारतीने त्यांच्या कष्टांची दखल घेतली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. आज या इमारतीत कामगारांची जुनी कपाटे आणि त्यांच्या जीवनाचे प्रदर्शन पाहावयास मिळते.

खाणीतून निघणारा दगड-माती वर डोंगरउतारावर टाकीत असत. त्याविषयीही एक नियम आहे आणि त्यामागचा इतिहास सर्वांत दारुण आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण वेल्समधीलच ॲबरव्हॅन येथे असा एक ढीग पावसापाण्याने सुटून खालच्या शाळेवर कोसळला. ११६ मुले आणि २८ प्रौढ माणसे गाडली गेली. त्यानंतर १९६९ मध्ये अशा ढिगांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला.

मार्गदर्शक गेल्यावर काय?

या सर्व हकीकती पुस्तकांत आहेत. मग पाहुणे एवढे ओझे कमरेला बांधून खाली का जातात? याचे कारण मार्गदर्शक होय. त्याने टेकूचा आवाज ऐकून छताची प्रकृती ओळखलेली असते. बरोबरच्या माणसाला दगडाखालून ओढून काढलेले असते, किंवा काढता आलेले नसते. तो थट्टा करतो, नवख्यांची फिरकी घेतो. परंतु सुरक्षेच्या बाबतीत त्याचा स्वर एकदम बदलतो. तो नियम सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्याचे वजन कळते.

परंतु हे किती काळ चालेल, हा प्रश्न आज उभा आहे. दक्षिण वेल्समधील टॉवर ही खाण सरकारने बंद केली, तेव्हा तेथील कामगारांनी प्रत्येकी ८,००० पौंड घालून १९९५ मध्ये ती स्वतः चालविण्यास घेतली. तीही कोळसा संपल्याने २००८ च्या जानेवारीत बंद झाली. ब्रिटनमधील अखेरची खोल कोळसा-खाण डिसेंबर २०१५ मध्ये मिटली आणि कोळशावर चालणारे त्या देशातील शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. याचा अर्थ असा की तेथे खाणकामगारांची नवी पिढी आता निर्माण होणार नाही. ज्यांनी स्वतः कोळसा खणला ते मार्गदर्शक एकामागून एक निवृत्त होतील, आणि एके दिवशी ती गोष्ट ऐकलेली माणसेच ती सांगू लागतील. वेल्समधील लोकांनी हे वेळीच ओळखले. स्वान्सी येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या खाणकामगार ग्रंथालयात कामगारांच्या संस्थांची पुस्तके गोळा करण्यात आली आणि वृद्ध कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवण्यात आल्या. खाणी चालू असतानाच हे काम सुरू झाले होते, ही त्यातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

विदर्भाच्या भूमीवरून पाहताना

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे १८७० नंतरच्या दशकात सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली गेली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली; त्याच सुमारास बल्लारपूरची खाण पुढे आली. १९७३ मध्ये कोळसा-खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि १९७५ पासून नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सार्वजनिक कंपनीकडे विदर्भातील खाणींचा कारभार आला. विदर्भात लोक खाणीला आणि खाणीच्या वस्तीलाही ‘कॉलरी’ म्हणतात. या कॉलरींत महाराष्ट्राबरोबरच आंध्र, छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेश अशा अनेक प्रांतांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राबली आहेत.

आपल्या देशातील नियमांमागेही माणसे उभी आहेत. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथे जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साचलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि ३७५ कामगार बुडाले. जुन्या खाणीपासून अंतर राखा, नकाशे अचूक ठेवा, ही सूचना त्यानंतर कोणालाही कोरडी वाटू नये. १९५२ च्या खाण अधिनियमाने स्त्रियांना भूमिगत कामास मनाई केली होती. २०१९ मध्ये तांत्रिक व देखरेखीच्या जागांवर, दिवसाच्या वेळी आणि त्यांच्या लेखी संमतीने, त्यांना ते दार खुले झाले. नियम काळाबरोबर बदलतात. परंतु का झाले आणि का बदलले हे ठाऊक असल्याखेरीज ते नीट पाळले जात नाहीत.

२०१६ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांच्या सहकार्याने नागपूर जिल्ह्यात खाण-पर्यटनाचा उपक्रम सुरू झाला. गोंडेगावची खुली खाण आणि सावनेरची भूमिगत खाण सामान्य नागरिकांना दाखविण्याची त्यात योजना होती. हे पाऊल स्वागतार्ह होय. मात्र त्यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. आज देशातील बहुतांश कोळसा खुल्या खाणींतून निघतो. भूमिगत खाणी मागे पडत आहेत. ज्यांनी डोक्यावर दिवा लावून थराला हात घातला, अशी माणसे विदर्भाच्या कॉलरींत आज निवृत्तीचे दिवस घालवीत आहेत. वरोऱ्याच्या खाणीत उतरलेल्यांपैकी कोणी आज सांगावयास उरलेला नाही. बल्लारपूर, घुग्घुस, राजूर, वणी, उमरेड, सिल्लेवाडा या परिसरातील माणसे अजून आहेत.

त्यांच्याकडून ऐकून घेण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. जवळच्या शाळेतील शिक्षक, महाविद्यालयातील इतिहास विभाग, कामगार संघटना आणि गावातील ग्रंथालय यांनी मनावर घेतले, तर एक वही आणि ध्वनिमुद्रणाचे साधे साधन पुरते. कोणत्या पाळीत काय घडले, छत कसे ओळखत, कोणता नियम कोणाच्या जिवाच्या मोलाने आला, घरातील बायकांनी पाळ्यांचे गणित कसे सांभाळले, हे सारे त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवता येईल. पुढे एखादी खाण बंद होऊन पाहण्यासाठी उघडी राहिली, तर तेथील मार्गदर्शकाच्या हाती तेवढी शिदोरी असेल.

बिग पिटच्या दिवाखोलीत फेरीच्या शेवटी पाहुणे आपला पट्टा, दिवा आणि डबी परत करतात. डबी बहुधा कोणी उघडलेलीही नसते. ती उघडण्याची वेळ आली नाही, याचे श्रेय आधीच्या पिढ्यांनी मोजलेल्या किमतीला आहे. ती किंमत कोणी मोजली, हे तीनशे फूट खोल जाऊन आलेला पाहुणा सहसा विसरत नाही. आपल्या कॉलरींतील नियमांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नावेही कोणीतरी लिहून ठेवावयास हवीत. आणि ज्यांना ती नावे तोंडपाठ आहेत, ती माणसे आज विचारणाऱ्याची वाट पाहत आहेत.